थकलेला पॉवर सप्लाय

संगणकांचं आयुष्य माणसांइतकं लांब नसतं. त्यांच्या मानाने ही गोष्ट फार पूर्वीची. केतकीकडे गेम खेळायचा एक जुना संगणक होता. नवे गेम त्याला झेपत नव्हते. बेताच्या पैशांत एकच भाग बदलता येणार होता, म्हणून तिने वापरलेलं, पण दमदार ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं.

कॅबिनेटमधले सगळे आनंदले. पॉवर सप्लाय तेवढा काळजीत पडला. इतकी वर्षं सगळ्यांना वीज पुरवून तो आतून थकला होता. नव्या कार्डाची भूक भागवताना एखाद्या दिवशी आपण जळू आणि सोबत सगळ्यांनाही जाळू, हे त्याला कळून चुकलं होतं. त्याने ते मदरबोर्डला सांगितलं.

"कसंतरी निभावून ने," मदरबोर्ड म्हणाला. "तू दमलास हे कळलं, तर ती तुलाच काढून टाकेल."

"मला काढेल," पॉवर सप्लाय म्हणाला, "पण तुम्ही राहाल."

गेम सुरू होताच त्याने स्वतःला बंद करून घेतलं. केतकीने पुन्हा चालू केलं, तो पुन्हा बंद झाला. शेवटी दुरुस्तीवाल्या सामंतकाकांनी त्याला तपासलं. "कार्ड परत कर पोरी, आधी हा बदल," ते म्हणाले. "बाकीचं शाबूत आहे, हे नशीब समज."

केतकी हिरमुसली, पण तिने तसंच केलं. जुनं कार्ड आपल्या जागी परतलं आणि नवा पॉवर सप्लाय आला. वीज खेळू लागली तेव्हा त्याने विचारलं, "माझ्याआधी इथे कोण होतं?"

मदरबोर्ड म्हणाला, "तुला उत्तर द्यायला आज आम्ही ज्याच्यामुळे उरलोय, तो."