साळिंदराचा खुळखुळा

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका जंगलात एक तरुण साळिंदर आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत असे. स्वभावाने ते फार लाजाळू होते. समोरून कुणी आले की त्याची मान खाली जाई, आणि कुणी बोलू लागले की ते सरळ पाठ फिरवून उभे राही. पण मुलांनो, त्याच्या अंगी एक सुंदर गुण होता. साळिंदराच्या शेपटीला पोकळ काटे असतात, ते हलवले की वाजतात. बाकीची साळिंदरे शत्रूला भिववण्यापुरती शेपटी वाजवत. हे मात्र ती इतकी हलकेच वाजवी, की सुकलेल्या शेंगांमधून वारा वाहतो आहे असे वाटावे. लहानपणी आई त्याला अशीच शेपटी वाजवून निजवत असे. तिच्याकडूनच ते शिकले होते.

आता आईचे दात पडले होते. कंदमुळे तिला चावता येत नसत. पिकलेले मऊ उंबर तेवढे ती जिभेने चिरडून गिळू शके. पण साळिंदराला झाडावर चढता येते थोडेच! आणि खाली पडलेली उंबरे रानडुकरांचा कळप दिवस उजाडताच फस्त करून टाकी. आई दिवसेंदिवस वाळत चालली. "मला भूकच नाही रे राजा," असे म्हणून ती कूस वळवून पडून राही.

डोंगरमाथ्यावर प्राण्यांचा बाजार भरत असे. तिथे शेपटी वाजवून दाखवावी, कुणी खूश होऊन चार उंबरे देईल, असा विचार करून एके दिवशी साळिंदर धीर करून, आईला सांगून बाजारात गेले आणि मधोमध जाऊन उभे राहिले. इतके सगळे डोळे आपल्याकडे लागलेले पाहून त्याला घाम फुटला. नेहमीसारखी पाठ फिरवून त्याने वाजवायला सुरुवात केली. पण त्या कलकलाटात ते ऐकू कुणाला जाणार? म्हणून त्याने शेपटी आणखी जोरात हलवली.

झाले! "पळा, पळा! साळिंदर काटे फेकतंय!" असा एकच गिल्ला झाला. ससे झुडपात घुसले, भेकराची शेंगांची पाटी उलटी झाली, आणि बघता बघता साळिंदराभोवती नुसते रिकामे मैदान उरले.

झाडावरचा एक कावळा पोट धरून हसत होता. "वा रे वाजंत्री! बाजारात वाजवायला आलास की बाजार उठवायला?"

साळिंदर रडवेले झाले. "मी कुणाला भिववत नव्हतो हो, कावळेदादा. मी वाजवत होतो, आईसाठी चार उंबरं मिळावीत म्हणून."

"ते तुला ठाऊक. त्यांना तुझं तोंड कुठे दिसलं? त्यांना दिसले तुझे काटे. साळिंदर पाठ करून उभं राहिलं की ते अंगावर येणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"पण मला लाज वाटते समोर बघायची."

"वाटू दे की! लाजरं तोंड चालतं बाबा, पाठ चालत नाही."

हा कावळा गावोगावच्या जत्रांमध्ये जेवून आलेला होता. रस्त्यावर गाणारे-वाजवणारे त्याने पुष्कळ पाहिले होते. साळिंदराचा चेहरा बघून त्याचे हसू ओसरले आणि तो खालच्या फांदीवर येऊन बसला. "आणि ही जागा तुला कुणी सांगितली? इथे ज्याला त्याला घाई. चढणीच्या मध्यावर तो सपाट दगड आहे ना, सगळे जिथे ओझं टेकवतात? तिथे बस. डोक्यावर भार असला की गाणं ऐकू येत नाही. भार उतरला की कान मोकळे होतात. मग हळू वाजवलंस तरी पुरे. समोर पानाचा एक द्रोण ठेव, आणि त्यात आधी आपलंच एक उंबर टाक. रिकाम्या द्रोणात पहिलं टाकायला कुणी धजत नाही."

"माझ्याजवळ एकच आहे," साळिंदर म्हणाले. "सकाळी पाल्याखाली सापडलं. आईसाठी जपून ठेवलंय."

"मग तेच ठेव. मी काही खात नाही," कावळा म्हणाला; पण म्हणताना त्याने आवंढा गिळला.

साळिंदर चढणीवरच्या दगडापाशी येऊन बसले. समोर पळसाच्या पानाचा द्रोण, द्रोणात एक उंबर. तोंड रस्त्याकडे करायला त्याला कोण जड गेले! शेवटी त्याने डोळे मिटले, आईची आठवण केली, आणि मग हळूच डोळे उघडून ते वाजवू लागले. एक कासव थांबले, मान डोलावून गेले. एक ससा लांबूनच ऐकत बसला आणि उडी मारून निघून गेला. "फुकटे लेकाचे!" कावळा वरून पुटपुटला. साळिंदर मात्र वाजवीतच राहिले. त्या दोघांपैकी एकही घाबरून पळाला नव्हता. त्याला तेवढ्याचाच आनंद झाला होता.

इतक्यात एक माकडीण चढण चढून आली. डोक्यावर उंबरांनी भरलेली पाटी, कडेवर रडून लालबुंद झालेले पिल्लू. तिने पाटी दगडावर टेकवली आणि मट्कन खाली बसली. "गप रे माझ्या बाबा! सकाळपासून कान किटवलेस," ती म्हणाली. पिल्लाने खुळखुळ ऐकली. ते रडायचे थांबले, रांगत रांगत पुढे आले, आणि कुणाला काही कळायच्या आत द्रोणातले उंबर उचलून त्याने तोंडात कोंबले.

"गेलं! गेलं!" कावळा ओरडला.

साळिंदराच्या अंगावरचे काटे ताठ उभे राहिले. आईचे एकुलते एक उंबर! पिल्लू दचकले, त्याचे ओठ थरथरले, हनुवटीवरून रस ओघळला. तेव्हा साळिंदराला दिसले, की पिल्लाला अजून दात आलेले नव्हते. ते उंबर जिभेने चिरडत होते. अगदी आईसारखे.

एकेक करून काटे खाली बसले. साळिंदराने पुन्हा शेपटी हलवली, पहिल्याहूनही हलकी, जशी आई त्याच्यासाठी हलवायची तशी. पिल्लू हसले. मग त्याची मान कलली, आणि तिथेच, साळिंदराच्या पुढ्यात, ते झोपी गेले.

माकडीण कितीतरी वेळ बघत राहिली. "अंगावर एवढे काटे," ती म्हणाली, "आणि वाजवणं असं! पोराने तुझं खाल्लं ना रे? धर." तिने ओंजळ भरभरून उंबरे द्रोणात ओतली. द्रोण भरून उंबरे दगडावर घरंगळली. त्यातले एक कावळ्याने उचलले. "सल्ल्याचं!" असे म्हणून तो उडून गेला.

साळिंदर धावतपळत घरी आले. आईने एक उंबर जिभेवर ठेवले, डोळे मिटून चघळले, आणि मग विचारले, "कुणी दिलं रे एवढं? काय वाजवलंस?"

"तू मला निजवताना वाजवायचीस ना, तेच. आणि कावळेदादा म्हणाले तसं द्रोणात आधी आपलंच एक उंबर ठेवलं होतं."

पोट भरेपर्यंत ती खात राहिली. शेवटी एक उंबर उरले, ते तिने लेकाकडे सरकवले.

"तू खा ना गं," साळिंदर म्हणाले.

"नको. हे उद्या द्रोणात ठेवायला."

तात्पर्य : ऐकणाऱ्याकडे पाठ करून कितीही जोरात वाजवले तरी कला पोहोचत नाही, जो त्याच्याकडे तोंड करून, त्याचा शीण ओळखून वाजवतो, त्याचा द्रोण रिकामा राहत नाही.