आक्कांचा पहिला घास

“…मग डोळे मिटून नुसतं श्वासाकडे किती दिवस बघत बसायचं, आक्का?”

शर्वरी भर पंगतीत बोलली. मठात जेवताना मौन असे. वाढपी जागच्या जागी थबकले.

आक्का मठाच्या गुरू. त्यांनी पहिला घास उचलल्याशिवाय कोणी जेवायचं नाही, अशी तिथली रीत. आज त्यांचा हात अजून मांडीवरच होता.

“बाहेर बघा,” शर्वरी म्हणाली. “अंगण झाडणाऱ्या बायका रिकामी पानं पुढ्यात घेऊन उन्हात बसल्यात. आपलं उरकलं की त्यांना वाढणार. सकाळी तुम्ही करुणा शिकवलीत. ती काय उंबऱ्याच्या आतच असते?”

“पोरी, जुनी रीत आहे ही,” व्यवस्थापक दिगंबरराव म्हणाले.

“काका, तुमचं धोतरही जुनंच आहे. ते धुता ना?”

कोणीतरी हसू दाबलं.

“आज उत्तर द्या, आक्का. नाहीतर दुपारच्या एसटीने मी चालले. पिशवी भरून ठेवलीय.”



आक्कांनी आपलं वाढलेलं पान उचललं, उंबरा ओलांडला आणि बाहेरच्या रांगेत अंगण झाडणाऱ्या ठकूबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या.

दिगंबरराव धावले. “आक्का, तिथे ऊन लागेल.”

“त्यांनाही लागतंय.”

आता पंचाईत झाली. आक्का बसतील तिथून पंगत सुरू व्हायची, हीही जुनीच रीत. एकेक जण पान घेऊन उठला. शेवटी दिगंबररावही धोतर सावरत मातीत टेकले.

शर्वरी ठकूबाईंच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि पोळीचा तुकडा मोडून चावता चावता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागली.

“बघितलंत, मावशी? एवढंच तर म्हणत होते मी. आता कोणी वर नाही, कोणी खाली नाही. उद्या गावातल्या पंगतीही अशाच बसवू. कोण अडवतंय तेच बघते…”

ठकूबाई मान डोलवत ऐकत होत्या.

आक्कांचा हात अजून मांडीवरच होता.

“आक्का, खरं सांगा. माझं काही चुकलं?”

“नाही.”

“मग तुम्ही जेवत का नाही?”

“शर्वरी… ठकूबाईंचं पान अजून रिकामंच आहे.”