महाराजांचे हेडफोन

"काढून घ्या याची चांदीची काठी! आजपासून हा चोपदार नाही!" मकरंदराजे गरजले. गरजताना त्यांच्या मिशीला लागलेलं शेण अजून पुरतं वाळलंही नव्हतं.

झालं होतं ते असं. सोनकड्याच्या या महाराजांना धावण्याचं भारी वेड. दर दसऱ्याला वाड्यापासून भैरोबाच्या देवळापर्यंत शर्यत होई आणि दर वर्षी महाराजच पहिले येत. राजाच्या पुढे पळायची छाती कुणाची होणार? यंदा एका परदेशी व्यापाऱ्याने त्यांना हेडफोन भेट दिले. कानांवर दोन गुबगुबीत वाट्या आणि आत ढोलताशांचा दणका! महाराज तालात डोलत सरावाला निघाले. रिवाजाप्रमाणे गवळीवाड्याच्या वळणावर रायबा चोपदार उभा होता. त्याने जीव तोडून ललकारी दिली, "महाराज, सांभाळा! म्हशी सुटल्यात!" ती ललकारी डोंगरापल्याडच्या गुराख्यांनीही ऐकली. ऐकली नाही ती फक्त महाराजांनी. ते थेट एका म्हशीवर जाऊन आदळले आणि खाली पडले ते नेमके नको तिथे.

"मी ओरडलो होतो, महाराज," रायबा हात जोडून म्हणाला. त्याचा घसा पार बसला होता.

"मग मला ऐकू कसं आलं नाही?"

उत्तर दरबारात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी ते मुकाट्याने गिळलं. पण रायबाची लेक हौसा पुढे आली. आज्या-पणज्यापासून घरात असलेली काठी गेली, तर बापाला गावात मान वर करून चालता येणार नाही, एवढंच तिला दिसत होतं.

"महाराज, बाबांच्या घशात आवाज होता. बूच आपल्या कानांत होतं!"

"बूच? अगं, संगीत आहे ते, संगीत!" महाराजांनी हेडफोन पोटाशी धरले. "आवाजात दम असता तर संगीतातूनही ऐकू आला असता! बरं, उद्या शर्यत आहे. मला हे कानांवरून काढायला लावून दाखव. पण मला हात लावायचा नाही, वाट अडवायची नाही. मी होऊन, माझ्या हाताने काढले पाहिजेत. जमलं तर काठी परत. नाहीतर ती प्रधानजींच्या मेव्हण्याला!"

मेव्हण्याने तिथल्या तिथे मिशीला पीळ भरला.

"आणि ओरडायचं तेवढं ओरड हो!" महाराज खिजवून म्हणाले.

"ओरडून बाबांचं काय भलं झालं, महाराज? मी नाही ओरडायची."

संध्याकाळी हौसा गवळीवाड्यात घरोघर फिरली. ती काय सांगत होती कोण जाणे, पण म्हाताऱ्यासुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी शर्यत सुटली. महाराजांनी ढोलताशांचा आवाज आणखी वाढवला आणि झपाझप निघाले. बाकीचे धावपटू रीतीप्रमाणे बरेच मागे राहिले. गवळीवाड्याचं वळण आलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना अख्खं गाव उभं होतं. सगळ्यांची तोंडं हलत होती, हात उंचावत होते. 'जयजयकार चाललाय!' महाराज मनात म्हणाले आणि छाती काढून धावू लागले.

पण हे लोक हसतायत कशाला? ती म्हातारी माझ्याकडे बोट दाखवून शेजारणीला काय सांगतेय? आणि शेजारीण कपाळाला हात का लावतेय? जयजयकार असेल तर ऐकावासा वाटणारच, आणि टवाळी असेल तर ऐकायलाच हवी! महाराजांनी हेडफोन ओढून काढले आणि गवताच्या गंजीवर भिरकावले.

कुठे काही नाही! तोंडं हलत होती, शब्द नव्हता. टाळ्या पडत होत्या, आवाज नव्हता. हौसा तर गळ्याच्या शिरा ताणून ओरडताना दिसत होती, पण ऐकू काहीच येत नव्हतं.

महाराज मटकन रस्त्यात बसले. "मेलो! बहिरा झालो! ढोलांनी माझे कान खाल्ले रे!"

तेवढ्यात गोठ्यातून म्हैस रेकली. ती कालचीच होती आणि तिला कुणी काही पढवलेलं नव्हतं.

"ऐकू आली! म्हैस ऐकू आली!" महाराजांनी धावत जाऊन तिच्या गळ्याला मिठी मारली. मग मात्र गावाला हसू आवरेना.

"महाराज, आपल्याला कुणी हात लावला?" हौसाने विचारलं.

"नाही."

"वाट अडवली?"

"नाही."

"मग हेडफोन काढले कुणी?"

महाराजांनी आपल्याच रिकाम्या हातांकडे पाहिलं. "पण तू केलंस तरी काय? इथे कुणी काही बोललंच नाही!"

"तेच तर केलं, महाराज! काल बाबा जीव तोडून ओरडले, ते आपल्याला ऐकू आलं नाही. आज सगळं गाव गप्प बसलं, ते बरोब्बर ऐकू आलं! आता सांगा, खोट बाबांच्या घशात होती का?"

महाराज असे खदाखदा हसले की म्हैस दोन पावलं मागे सरली. मागून आलेले धावपटू, पुढे कसं जायचं म्हणून, तिथेच अदबीने उभे होते. तेही हसू लागले.

"रायबा, घे तुझी काठी! तुझ्याशिवाय ती कुणाच्या हाती शोभायची नाही!" प्रधानजींनी नाइलाजाने पुढे केलेली काठी कपाळाला लावताना रायबाला रडू आवरलं नाही. "आणि हौसा, ते हेडफोन तुला. रस्त्यावर माझे कान उघडेच बरे. आणखी काय हवं ते माग!"

हौसाने गंजीवरचे हेडफोन उचलून कधीच कानांवर चढवले होते. ती ढोलाच्या तालावर मान डोलवत होती.

"अगं, महाराज विचारतायत!" रायबा बसक्या आवाजात ओरडला. पोरीला पत्ता नाही!

महाराजांनी त्याला हातानेच थांबवलं. हौसासमोर जाऊन उभे राहिले आणि नुसतेच ओठ हलवू लागले.

हौसाने झटकन हेडफोन काढले. "काय म्हणालात, महाराज?"