सुधारायचे कोणाला?

एका नदीकाठच्या नगरात त्र्यंबकराव नावाचे वृद्ध भाषांतरकार राहत असत. निरंजन नावाचा तरुण त्यांच्याकडे भाषांतराची विद्या शिकत होता. नगरात कर्णबधिर मुलांची एक शाळा होती. परदेशातील एक संस्था तिला साहाय्य करू इच्छीत होती, म्हणून शाळेचे निवेदन इंग्रजीत करण्याचे काम त्र्यंबकरावांनी शिष्यावर सोपवले.

‘मुलांना सुधारण्यासाठी आम्हांस साहाय्य हवे आहे,’ या वाक्याशी निरंजन अडला. ‘इम्प्रूव्ह’, ‘करेक्ट’, ‘रिफॉर्म’. शब्दकोशात तिन्हींपुढे ‘सुधारणे’ हाच अर्थ होता. ‘इम्प्रूव्ह’ त्याला फारच साधा वाटला. त्याने ‘करेक्ट’ योजला.

त्र्यंबकरावांनी कागद वाचला. ते म्हणाले, “हा शाळेतल्या वासंतीला दाखवून ये.”

वासंती दहावीत शिकत होती. तिचे मत कशाला घ्यायचे, हे निरंजनला कळेना. तरीही तो गेला. वासंतीने ते वाक्य सावकाश वाचले, पुन्हा वाचले. मग पेन्सिल घेऊन तिने खाली मराठीत लिहिले, ‘माझं काय चुकलं होतं?’

निरंजन कागद घेऊन परत आला. त्याने तो गुरूंसमोर ठेवला.

“रागावली का ती?” गुरूंनी विचारले.

“नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.”

त्र्यंबकराव म्हणाले, “बाळा, ‘करेक्ट’ म्हटले की आधी चूक मानावी लागते. ‘रिफॉर्म’ म्हटले की वर्तनाला दोष द्यावा लागतो. ‘इम्प्रूव्ह’ तेवढा मवाळ. जे आहे ते आणखी चांगले व्हावे, इतकेच तो मागतो. शब्दकोश अर्थ देतो. पण तो शब्द ज्याच्या अंगाला लागणार, त्याचे मुख कोशात दिसत नाही. ते आपण जाऊन पाहावे.”

दुसऱ्या दिवशी निरंजन पुन्हा वासंतीकडे गेला. त्याने ‘करेक्ट’ खोडून ‘इम्प्रूव्ह’ लिहिला होता. तिने मान डोलावली. पण पेन्सिल खाली ठेवली नाही. ‘मुलांना’ या अर्थाचा इंग्रजी शब्द खोडून तिथे तिने मराठीत लिहिले, ‘आमच्या शाळेचे शिकवणे’. निरंजनने ते इंग्रजीत उतरवले.

शाळेच्या मुख्याध्यापिकांनी ते वाक्य वाचले आणि खाली सही केली.