केरबा कासाराची कणगी

फार वर्षांपूर्वी, निगुडवाडीला यायला डोंगरातून नुसती पायवाट होती तेव्हा, त्या वाटेनं बांगड्यांचं ओझं पाठीवर घेऊन केरबा कासार ये-जा करायचा. त्याला जाऊन किती काळ लोटला ते कोणालाच नक्की सांगता येत नाही. कोणी म्हणतं, आमच्या पणजीच्या लग्नात त्यानं चुडा भरला. कोणी म्हणतं, त्याच्याही आधी. केरबानं बाईचा हात हातात घेतला की तिला माप विचारावं लागायचं नाही. मनगट हलकेच चेपून तो बांगडी अशी चढवायचा की तिच्या मांडीवर झोपलेलं पोरसुद्धा जागं व्हायचं नाही, असं म्हणतात.

त्याची बायको सगुणा. बोलायला फटकळ, कामाला खमकी आणि संकष्टीच्या उपासाला एकदम पक्की. लहानपणापासून दर चतुर्थीला ती उपाशी राहायची, आणि चंद्र उगवला की अंगणात उभं राहून त्याला डोळे भरून बघायची, मगच घास घ्यायची. चंद्र म्हणजे तिच्या लेखी सशासकट चंद्र. आभाळ भरून आलं असलं तर ढग हलेपर्यंत ती उभी राहायची आणि केरबा दोघांची ताटं झाकून तिच्याशेजारी बसून राहायचा.

पुढे सगुणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. आधी सुईत दोरा जाईना, मग तांदळातले खडे दिसेनात. आणि एका चतुर्थीला अंगणातल्या सगळ्या बायका "उगवला गं बाई" म्हणत हात जोडू लागल्या, तेव्हा सगुणाला डोंगराच्या जागी नुसतं धुकट दिसलं. बायका म्हणाल्या, चल, सोड आता उपास. सगुणा म्हणाली, "तुमाला दिसला, तुमी जेवा. मला दिसंल तवा मी जेवीन."

गावच्या भटजींनी समजावलं की पंचांगात वेळ दिलेली असते, ती झाली की जेवायला हरकत नाही.

"तुमचा चंद्र पंचांगात उगवतो, भटजीबुवा," ती म्हणाली, "माजा डोंगरावर उगवतो."

भटजी हसले आणि घरी जाऊन जेवले.

दुसरा दिवस गेला, तिसरा उजाडला. सगुणा नुसत्या पाण्यावर. केरबाही ताटावर बसेना.

"तुमी का जेवत न्हाई?"

"तू जेवलीस की जेवतो."

"मला कोंडीत धरताय व्हय?"

"मी कुटं काय म्हणतोय? मला भूकच न्हाई."

त्याचं पोट गुरगुरत होतं आणि ते तिला चांगलं ऐकू येत होतं. शेवटी नवऱ्यासाठी म्हणून तिनं वाटीभर दूध घेतलं, पण त्याला उपास सुटणं म्हणत नाहीत हे दोघांनाही माहीत होतं. मग दर चतुर्थीला हेच सुरू झालं. चंद्र दिसायचा नाही, सगुणा अन्नाला शिवायची नाही, आणि जरा कुठे दूध-भाकरीवर यावं तोवर पुढची चतुर्थी दारात उभी. एके दिवशी ती दोरीवर धुणं घालत होती. तिनं हात वर केला आणि मनगटावर घट्ट बसणाऱ्या तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. उभ्या मुलखातल्या बायकांची मनगटं जाणणाऱ्या माणसाला याचा अर्थ कोणी सांगायला नको होता. केरबा गोठ्यात जाऊन रडला, असं म्हणतात. मला विचाराल तर रडलाच असणार.

त्याच सुमाराला डोंगरावर जमीन मोजणारे लोक तंबू ठोकून राहिले होते. केरबा तिथल्या मजूर बायकांना बांगड्या भरायला गेला आणि मोजणीच्या दुर्बिणीला डोळा लावून आला. त्यात त्याला खाली लांबवरचं आपलं घर दिसलं, अंगणात बसलेली सगुणा दिसली. सगळं उलटं, कौलं खाली आणि अंगण वर. पण तिच्या सैल बांगड्यासुद्धा दिसल्या. त्या तळावर यंत्रं दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर होता. केरबा रोज त्याच्यापाशी जाऊन बसू लागला. मोठी दुर्बीण खोलगट आरशाचीही करता येते आणि तो आरसा काचेवर काच घासून घरच्या घरी होतो, हे त्यानंच सांगितलं. काच म्हटल्यावर केरबाला धीर आला. काचेशी त्याचा जन्माचा संबंध होता.

तो घाट उतरून बंदरावर गेला आणि मोडीत निघालेल्या जहाजाच्या खिडक्यांच्या दोन जाड काचा घेऊन आला. अंगणात मोडकं जातं पालथं घातलं. त्यावर एक काच बसवली, तिच्यावर कुरुंदाच्या कठीण दगडाची पूड आणि पाणी टाकलं, वर दुसरी काच ठेवली, आणि केरबा घासायला लागला. पुढे-मागे घासायचं, एक पाऊल सरकायचं, काच जराशी वळवायची, पुन्हा घासायचं. सकाळी जात्याभोवती फिरायचा, बाजार करून आला की पुन्हा फिरायचा. गावाला चेष्टेला विषय मिळाला. देव सोडून केरबा काचेला प्रदक्षिणा घालतो, म्हणायचे. तो इतका चालला की त्या चालीत काशी गाठून परत आला असता. त्याच्या पावलांनी अंगणात जी गोल चाकोरी पडली, तिच्यात अजून पावसाचं पाणी साठतं.

वरची काच खोलगट झाली, मग राळेचा थर आणि गेरू घेऊन त्यानं तिला चकाकी आणली. सोनारानं केरबाच्या कमरेचा चांदीचा करदोडा विरघळवून तिच्यावर चांदीचा पातळ मुलामा चढवला. बुरडानं धान्याच्या कणगीसारखी पण सरळ, माणसाएवढी लांब नळी विणून दिली, आणि सगुणानं ती हाताच्या अंदाजानं शेणानं सारवली. डोळा लावायला घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं भिंग मिळालं. आता तळाच्या आरशातला उजेड डोळ्याकडे वळवायला आत एक छोटा तिरका आरसा हवा होता. तो सगुणानं आपल्या कुंकवाच्या पेटीतला काढून दिला.

"लगीन झाल्यापासनं ह्यात तोंड बघतेय," ती म्हणाली. "आता तोंड दिसत न्हाई, तर चंद्र तरी दिसू दे."

पुढच्या चतुर्थीला केरबाच्या अंगणात गाव लोटला. कणगी डोंगराकडे वळवली. ज्यानं डोळा लावला तो दिपून मागे सरला, इतका लखलखीत चंद्र. मग सगुणाला स्टुलावर बसवलं.

"काय दिसतंय?" केरबानं विचारलं.

"उजेड."

"आन ससा?"

"ससा न्हाई. नुसतं दूध सांडल्यागत झालंय. डोळा दुखतोय."

पाटील केरबाच्या कानाशी लागून म्हणाले, "अरं, ससा बी हाय म्हणून सांग की. तुज्या शब्दावर जेवंल ती."

केरबाला ते कळत होतं. ती खरंच जेवली असती. त्यानं तोंड उघडलं, तिच्या कोपराशी आलेल्या बांगड्या पाहिल्या, आणि तरी त्याला खोटं बोलवेना. "चंद्रच हाय तो सगुणे," तो म्हणाला. "पर तुला दिसला न्हाई म्हंजे न्हाई."

सगुणानं चाचपडत त्याचा हात धरला. "खरं बोललासा, बरं वाटलं. आता म्होरं अंगारकी हाय. तवा बी न्हाई दिसला तर उपास देवाच्या पायाशी ठिवते. पुन्हा धरायची न्हाई."

अंगारकी म्हणजे मंगळवारी येणारी मोठी संकष्टी. खरं तर केरबाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, उपास गेला की बायको जेवणार. पण अख्ख्या गावाशी वाद घालून जपलेली गोष्ट जी बाई आपणहून खाली ठेवते, तिच्यात मागे काय उरणार, ही भीती त्याला झोपू देईना.

अंगारकीच्या दिवशी आणखी चांगलं भिंग मिळतंय का बघायला तो बाजाराच्या गावी गेला. घरी पूजेची भांडी घासायला शेजारची हौसा आली, कारण सगुणाला डाग दिसत नसत. समई झाली, तांब्या झाला, ताम्हन झालं. मग हौसाला कणगीतून काढून फळीवर फडक्यात गुंडाळून ठेवलेला मोठा आरसा सापडला. चांदीला हवा लागून पिवळट झाक चढली होती.

"काकी, ह्यो तुमचा चंद्राचा आरसा लई मळलाय."

"मग घास की. अंगारकीला मळकं चालतंय व्हय?"

हौसानं चिंचेचा कोळ घेतला, चाळलेली राख घेतली, आणि काच आहे म्हणून काथ्या न लावता नुसत्या तळहातानं मायेनं घासलं. पाणी काळं झालं. केवढा हा मळ, म्हणत तिनं आणखी घासलं. शेवटी नितळ काच हाती आली, तेव्हा तिनं ती तांब्याशेजारी उन्हात वाळत ठेवली.

केरबा परत आला तेव्हा करदोड्याची चांदी मोरीतून वाहून गेली होती. त्यानं काच उचलली. तोंड दिसेना, आरपार अंगण दिसलं. काय झालं ते हौसाला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं आणि ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. सगुणा म्हणाली, "तिला बोलू नगा. मीच सांगितलं."

केरबा काच उन्हात फिरवून फिरवून बघत होता. मग म्हणाला, "चांगलं घासलंस, पोरी. एक वरखाडा न्हाई."

संध्याकाळ झाली. सगुणा स्नान करून अंगणात येऊन बसली, रोजच्यासारखी डोंगराकडे तोंड करून. तिला काही न सांगता केरबानं ती उघडी काच कणगीत बसवली. का बसवली, ते त्यालाही सांगता आलं नसतं. ती तिथे येऊन बसली होती आणि त्याला नुसतं बसवत नव्हतं.

चंद्र वर आला. केरबानं डोळा लावला. आत चंद्र होता. विहिरीच्या पाण्यात दिसावा तसा मंद, डोळ्याला जराही न खुपणारा. चांदी गेली तरी नितळ काच थोडा उजेड परत देतेच, पाणी देतं तसा. त्यानं सगुणाला हाताला धरून स्टुलावर बसवलं.

ती बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. तिचं बघून होईपर्यंत चंद्र डोंगराच्या खांद्यावर थांबून होता, असं म्हणतात.

"अवो," ती म्हणाली, "ससा उताणा पडलाय."

दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं हे केरबा तिला सांगायचं विसरला होता. "उताणा का असंना," तो कसाबसा म्हणाला, "पर हाय न्हवं?"

"हाय. कान बी हायेत."

हौसा रडता रडता हसायला लागली आणि मग सगळं अंगणच हसायला लागलं. आधीचा लखलखीत चंद्र सगुणाच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिपवून टाकत होता. चांदी गेली आणि चंद्र तिला सोसेल एवढा झाला, असं पुढे जाणते लोक समजावून सांगू लागले. त्या वेळी कोणालाच त्याची पडली नव्हती. केरबानं मोदक मोडून पहिला घास तिला भरवला, दुसरा तिनं त्याला. मग सगुणा अशी जेवली की हौसाला पुन्हा भात टाकावा लागला.

दिवाळीपर्यंत तिच्या बांगड्या मनगटावर नीट बसल्या. केरबानं पुढे पुष्कळ दुर्बिणी केल्या. हरवलेली मेंढरं शोधायला धनगरांना वेळूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बांधून दिल्या, त्यातली एक जोडी देवळात टांगलेली आहे. तो कधी आणि कसा गेला ते कोणी सांगत नाही. लहान मुलांना मात्र सांगतात की केरबा ससा सुलटा करायला वर गेलाय, अजून जमलेलं नाही.

निगुडवाडीत आजही पोरंपोरी काच घासून दुर्बिणी करतात. नळी आता कोणी विणत नाही, पण तिला म्हणतात कणगीच. नव्या आरशाला लगेच चांदी चढवत नाहीत. आधी तो चिंचेनं आणि राखेनं, नुसत्या तळहातानं धुतात आणि अंगारकीपर्यंत तसाच उघडा ठेवतात. त्या रात्री चंद्र वर आला तरी गावात "उगवला" असं कोणी म्हणत नाही. ज्याची नजर सगळ्यांत अधू, त्याला मानानं स्टुलावर बसवतात. घरोघरी ताटं झाकलेली असतात, मोदक गार होत असतात, पोरं चुळबुळत असतात, पण घाई कोणी करत नाही. मग कोणीतरी हळूच विचारतं, "दिसला का?"

ते म्हातारं माणूस भिंग पुसतं, पुन्हा डोळा लावतं, हवा तेवढा वेळ घेतं. आणि "दिसला" म्हणालं की अख्खी निगुडवाडी जेवायला बसते.