मौनाची पाहणी

“पण तुम्ही मौन पाळताय की नाही, एवढं तरी सांगा ना?”

भगवंत खैरनार काही बोलला नाही. ओट्यावर मांडी घालून बसला होता, तसाच बसून राहिला.

केदार राजाध्यक्षने टॅबवर बोट टेकवलं. ‘उत्तर दिले नाही.’

गावाबाहेरच्या टेकडीवर मठ आहे. तिथे शंभुगिरी महाराज मौनाचं शिबिर घेतात. यंदाचे शिबिरार्थी म्हणजे शहर बसचे तापट कंडक्टर, प्रवाशांशी भांडून निलंबित झालेले. खैरनारने तर एका प्रवाशाची बॅग खिडकीतून बाहेर फेकली होती आणि पाठोपाठ प्रवाशालाही उचललं होतं. तो सुधारला असा अहवाल गेला तरच डेपो त्याला कामावर घेणार होता. नाहीतर कायमचा घरी.

शिबिराचा खर्च गुंतवणूकदारांचा. हल्ली चांगल्या कामातही गुंतवणूकदार असतात. माणूस सुधारून त्यांचं भागत नाही, सुधारल्याचा आकडा लागतो. तो काढायला त्यांनी केदारला पाठवलं होतं.

केदार लहानपणी याच मठात शिकला. पुढे परदेशात जाऊन सामाजिक प्रभावाचं मोजमाप शिकून आला. तेव्हापासून तो माणसांना लाभार्थी म्हणतो. महाराजांनाही एकदा ‘सेवा पुरवठादार’ म्हणाला होता. महाराजांना ते नीट ऐकू आलं नाही, म्हणून निभावलं.

दुपारी तो निकाल घेऊन महाराजांकडे गेला. महाराज तूरडाळ निवडत होते.

शिबिर कमालीचं यशस्वी झालं, असं त्याने सांगितलं. जवळजवळ सगळ्यांनी ‘हो, मी कडक मौन पाळतो’ असं ठणकावून सांगितलं होतं. आबनावे नावाच्या कंडक्टरने तर मौनाने आपलं आयुष्य कसं पालटलं, हे चहा गार होईपर्यंत ऐकवलं होतं. तो पहिला आला होता.

“नापास कोण?”

“एकटा खैरनार. प्रतिसादच देत नाही.”

“तो मौनात आहे.”

“कशावरून, महाराज? नुसता घुम्या असेल. मनातल्या मनात शिव्या घालत असेल. बाहेरून कसं कळणार?”

“विचारून बघ.”

“विचारलं ना. बोलतच नाही.”

महाराजांनी डाळीतला खडा काढून टाकला आणि ते उठले.

ओट्यापाशी येऊन केदारने खैरनारला पुन्हा समजावलं. एक शब्द बोलायचा. ‘हो.’ बास. सोमवारपासून ड्यूटी. नाही बोलला तर नोकरी गेली, बायकोला काय तोंड दाखवणार?

खैरनारचे ओठ हलले. त्याने महाराजांकडे पाहिलं. महाराज कौलांवरच्या कावळ्याकडे पाहत होते.

खैरनारने ओठ मिटले.

मग मात्र केदारचा तोल गेला. आपण काय शिकलो, कुठे शिकलो, या टेकडीवर गाडी चढवताना काय हाल झाले, हे सगळं त्याने खैरनारला सुनावलं. मठ्ठ म्हणाला, माजोरडा म्हणाला. अहवाल आज जायचा होता आणि एका कंडक्टरपायी तो अडला होता. शेवटी तो खैरनारच्या बापावर घसरला.

आवाज ऐकून बाकीचे शिबिरार्थी बाहेर आले. मौनात पास झालेले सगळे.

“आता याला फेकतोय बघ,” आबनावे म्हणाला.

“टॅबसकट,” दुसरा म्हणाला.

खैरनार उठून उभा राहिला. अंगाने दरवाजाएवढा. केदारने टॅब छातीशी धरला आणि एक पाऊल मागे घेतलं.

खैरनारने खांद्यावरचा टॉवेल काढला. ओट्यावरची धूळ झटकली. मग स्वतः कडेला सरकून बसला आणि मोकळ्या जागेवर हाताने थापटलं… गर्दीच्या गाडीत उभ्या प्रवाशाला जागा करून द्यावी तसं.

केदार त्या जागेवर बसला. खैरनारने त्याच्याकडे पाहिलं नाही. समोर पाहत राहिला.

…

बऱ्याच वेळाने केदारने टॅब उघडला. खैरनारच्या नावापुढचं ‘उत्तर दिले नाही’ पुसलं. चौकट रिकामी झाली.

“महाराज,” तो हळू आवाजात म्हणाला, “इथे काय लिहू?”

“तो म्हणाला ते.”

“पण तो तर काहीच बोलला नाही.”

“हं… तेच लिही. एक शब्दही गाळू नकोस.”