सवलतीत आणलेली करवत

"चौकट वाकडी जुळते त्यात माझा दोष नाही," असं जुनी करवत घसा फोडून सांगायची, पण कुणाला पटेल तर ना! हत्यारं बोलायची त्या काळातली ही गोष्ट. मेस्त्रीने तिला भंगाराच्या पोत्यात कोंबलं आणि सवलत मिळाली म्हणून विजेवरची सरकती करवत आणली. काटकोन दाखवणारा गुण्या लावून तिचं पातं बसवलं, लाकूड कापलं. चौकट पुन्हा वाकडीच!

"गुण्याने दाखवलं तसंच कापलं मी," नवी फणकारली.

"मीच वाकडा झालोय," गुण्या कण्हला. "हातोडी शोधायचा कंटाळा, म्हणून माझ्याच पाठीने खिळे ठोकतात."

"कोण ठोकतं?" पोत्यातून करवतीने विचारलं.

मेस्त्री बिडी शोधू लागला. त्याची बायको हसली. करवत पोत्यातून काढून तिने खुंटीला लावली आणि उखाणा न घेताच नवऱ्याचं नाव घेतलं, "धाकू मेस्त्री!"